न्यूयॉर्कमधील घर विकण्यापूर्वी: साइडवॉकची नोटीस आणि मालमत्तेवरील बोजा यांबाबत या चुका टाळा

न्यूयॉर्क शहरात घरासमोरचा साइडवॉक (पदपथ) सार्वजनिक वापराचा असला, तरी तो दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी शहराच्या प्रशासकीय संहितेच्या कलम १९-१५२ नुसार लगतच्या घरमालकावर असते. क्वीन्स, ब्रुकलिन किंवा स्टेटन आयलंडमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हे नेमके घर विकायला काढल्यावर, म्हणजे खरेदीदाराच्या टायटल कंपनीने (मालकीहक्क व त्यावरील बोजे तपासणाऱ्या कंपनीने) जुनी नोटीस समोर ठेवल्यावर कळते. तोपर्यंत क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याची, तारीख जवळ आलेली असते आणि जे काम निवांतपणे, योग्य दरात करता आले असते, ते घाईने व महागात करावे लागते.

पहिली चूक म्हणजे दंड नाही म्हणून नोटीस बाजूला ठेवणे. शहराचा परिवहन विभाग ही नोटीस देतो, तेव्हा तीसोबत दंडाची रक्कम नसते; मात्र तिची नोंद काउंटी क्लर्ककडे (काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) होते आणि दोष दूर होऊन ती रीतसर रद्द होईपर्यंत तिथेच राहते. नोटिशीनंतर दुरुस्तीसाठी ७५ दिवस मिळतात. त्यानंतर शहर स्वतःच्या कंत्राटदाराकडून काम करून घेऊ शकते व त्याचे बिल मालकाला पाठवते, आणि ते बिल थकले की मालमत्तेवर बोजा चढतो. नोटीस आणि बोजा या वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे लक्षात घ्यावे: पहिली दुरुस्तीने सुटते, दुसरा पैसे भरून. टायटलच्या तपासणीत मात्र दोन्ही दिसतात आणि दोन्हींमुळे व्यवहार अडू शकतो.

दोष कशाला म्हणतात, याचीही अनेकांना कल्पना नसते. साइडवॉकच्या दोन काँक्रीट फरशांच्या पातळीत अर्धा इंच किंवा त्याहून अधिक फरक असणे, फरशी फुटून तुकडे सुटे होणे, फरशीखालची माती वाहून पोकळी होणे, उतार चुकीचा असणे, ही सारी कारणे पुरेशी आहेत. यांत एक कारण असे आहे की ज्यामुळे काम करूनही मालक अडकतो: वरवर सिमेंट भरून केलेली अपुऱ्या जाडीची डागडुजी हाही नियमानुसार दोषच आहे. फरशी पूर्ण काढून नव्याने ओतावी लागते. साधारण भागात काँक्रीट ४ इंच आणि गाडी आत नेण्याच्या मार्गावर ७ इंच जाड असावे लागते. कामासाठी परिवहन विभागाचा परवाना आवश्यक असतो. कंत्राटदार परवान्याविना स्वस्तात करून देतो म्हणाला, तरी ते स्वीकारू नये, कारण पुढे तपासणीत काम नाकारले गेल्यास तेच काम पुन्हा करावे लागेल. थंडीत गोठणबिंदूखाली काँक्रीट नीट धरत नाही, त्यामुळे वसंत ऋतूत घर विकायचे असल्यास हे काम आदल्या शरदातच उरकावे.

माझ्या मते सर्वांत नुकसान करणारी चूक याच्या पुढची आहे: दुरुस्ती झाली म्हणजे नोंदही पुसली गेली, असे समजणे. नोंद आपोआप जात नाही. महाराष्ट्रात पीककर्ज फेडल्यावरही सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घेण्यासाठी बँकेचा दाखला तलाठ्याकडे द्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. काम पूर्ण झाल्यावर ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोटीस रद्द करण्यासाठीची तपासणी मागावी लागते; निरीक्षकाने काम मान्य केल्यावर विभाग काउंटी क्लर्कला कळवतो. या साऱ्याला किती वेळ लागेल हे आपल्या हाती नसते. म्हणून विक्रीचा करार करण्यापूर्वीच ही तपासणी मागावी आणि नोंद रद्द झाल्याचा कागद आपल्या वकिलाकडे आधीच द्यावा.

झाडाच्या मुळांनी साइडवॉक उचलला असेल, तर आधी थांबून विचार करावा. मालक स्वतः राहत असलेल्या एक ते तीन कुटुंबांच्या घरांबाबत, नुकसान केवळ शहराच्या झाडामुळे झाले असल्यास नोटीस न देण्याचे धोरण शहराने २०१९ मध्ये जाहीर केले. अशा मालकाने उद्यान विभागाच्या झाडे व साइडवॉक कार्यक्रमाकडे जाणे योग्य ठरते. मुळे मात्र स्वतः कापू नयेत. त्यासाठी उद्यान विभागाची परवानगी लागते.

न्यू जर्सीत स्थलांतर करून क्वीन्समधले जुने घर भाड्याने देणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. मालक तिथे राहत नसल्याने वरील सवलत त्यांना लागू होत नाही. शिवाय सप्टेंबर २००३ पासून लागू असलेल्या कलम ७-२१० नुसार, साइडवॉकवर कोणी पडून जखमी झाल्यास त्याची भरपाई देण्याचे दायित्वही त्यांच्यावर येऊ शकते. शहराकडे पत्रव्यवहाराचा जुनाच पत्ता नोंदलेला असेल, तर नोटीस आली हेच त्यांना कळत नाही. ही मंडळी एडिसनला असोत वा पुण्याला परतलेली असोत, पत्ता अद्ययावत करणे हे त्यांचे पहिले काम आहे.

आता बोजांविषयी. बरेच जण अ‍ॅक्रिस या शहराच्या नोंदणी संकेतस्थळावर एकदा पाहून निश्चिंत होतात. तिथे खरेदीखते व गहाणखते दिसतात, पण स्टेटन आयलंडचे दस्त नसतात. ते रिचमंड काउंटी क्लर्ककडे असतात. न्यायालयीन हुकूमनामे आणि कंत्राटदारांनी दाखल केलेले बोजे काउंटी क्लर्ककडे शोधावे लागतात, इमारतीसंबंधीच्या नोटिसा इमारत विभागाकडे आणि पाणीपट्टीची थकबाकी पर्यावरण संरक्षण विभागाकडे. घर बाजारात आणण्यापूर्वी स्वतःच टायटलची तपासणी करून घेणे हा खर्च वाया जाणारा नाही.

गृहकर्ज फिटले, तरी फेडीचा दस्त नोंदला गेला आहे का, हे पाहावे. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार कर्ज देणाऱ्या संस्थेने तो ३० दिवसांत नोंदणीसाठी सादर करायचा असतो, पण संस्था विलीन झाली वा कर्ज दुसरीकडे विकले गेले, की दस्त राहून जातो. घराच्या हमीवर घेतलेल्या फिरत्या कर्जखात्यात शिल्लक शून्य असली, तरी खाते बंद करण्याची लेखी सूचना दिल्याशिवाय बोजा उतरत नाही.

कंत्राटदाराशी वाद झाला असल्यास कामानंतरच्या मुदती लक्षात ठेवाव्यात: एका कुटुंबाच्या घरावर ४ महिन्यांत, इतर मालमत्तांवर ८ महिन्यांत तो बोजा दाखल करू शकतो. हा बोजा एक वर्ष टिकतो. पण वाढवून मिळू शकत असल्याने वर्ष सरण्याची वाट पाहत बसू नये. वाद लवकर मिटणार नसेल, तर बोज्याच्या रकमेच्या ११० टक्क्यांचा हमीरोखा देऊन घर मोकळे करता येते.

आपल्या लोकांना हमखास येणारी अडचण नावांची आहे. न्यायालयीन हुकूमनाम्याचा बोजा स्थावर मालमत्तेवर १० वर्षे राहू शकतो आणि टायटल कंपनी तो नावावरून शोधते. पाटील, जोशी, कुलकर्णी अशा आडनावांची, त्याच पहिल्या नावाची दुसरी व्यक्ती सापडणे मुळीच अवघड नाही. ती व्यक्ती आपण नव्हे, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. खरेदीखतावर मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे, पासपोर्टवर दुसऱ्याच रीतीने आणि बँकेत नुसते आद्याक्षर असेल, तर ही सारी नावे एकाच व्यक्तीची असल्याचेही लिहून द्यावे लागते. जुने पत्ते आणि ओळखपत्रांच्या प्रती वकिलाकडे करारासोबतच दिल्या, तर हे प्रतिज्ञापत्र तयार होण्यास फारसा वेळ लागत नाही.

एवढे करूनही एखादी नोंद शेवटपर्यंत उरलीच, तर विक्रीच्या रकमेतून काही पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे, ठेवून क्लोजिंग करता येते. मात्र अशा वेळी राखून ठेवली जाणारी रक्कम बहुधा दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा बरीच अधिक असते. म्हणून ती कोणत्या कागदावर, किती दिवसांत आणि कोणाच्या संमतीने परत मिळेल, हे क्लोजिंगच्या टेबलावर सही करण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.