टेस्ला कॉइलची सेकंडरी गुंडाळताना तार सुटू नये म्हणून

टेस्ला कॉइल म्हणजे खूप उच्च व्होल्टेज तयार करून ठिणग्या पाडणारं उपकरण, आणि सेकंडरी म्हणजे त्यातली पाइपवर बारीक तारेचे शेकडो वेढे देऊन केलेली गुंडाळी. ती गुंडाळताना सातशे वेढे झाले, हात सटकला, की सगळी तार स्प्रिंगसारखी उलगडते. फार जीव तुटतो! त्यावर उपाय:

1. पीव्हीसी पाइप पुसून उन्हात पूर्ण वाळवा.
2. तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. दर दोन-तीन सेंटीमीटरवर उभी चिकटपट्टी लावा, म्हणजे हात सुटला तरी तेवढाच तुकडा सैल पडेल. वार्निश लावताना पट्ट्या एकेक करून काढा.
3. वेढे मोजत बसू नका. एक सेंटीमीटरातले मोजून लांबीने गुणा. 0.4 मिमी तारेचे साधारण 22 ते 23 बसतात, म्हणजे 40 सेंटीमीटरवर सुमारे 900.

तारेचं टोक भोकातून पाइपच्या आत मात्र घेऊ नका. आतून ठिणगी पडून कॉइल जळते.