तीव्र स्वादुपिंडदाहात सूक्ष्म रक्ताभिसरण कसे सांभाळावे

तीव्र स्वादुपिंडदाह म्हणजे स्वादुपिंडाला (पॅनक्रियाजला) अचानक येणारी सूज, आणि सूक्ष्म रक्ताभिसरण म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतील प्रवाह. या आजाराची तीव्रता ठरवणाऱ्या 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार, एखादा अवयव 48 तासांहून अधिक काळ निकामी राहिला तर तो स्वादुपिंडदाह गंभीर समजला जातो. स्वादुपिंडाच्या प्रत्येक खंडिकेला (लहान भागाला) रक्त पुरवणारी धमनिका (बारीक धमनी) बहुधा एकटीच असते. ती आकसली किंवा गुठळीने बंद झाली की त्या भागाला दुसरीकडून रक्त मिळत नाही. त्यातच केशवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, पांढऱ्या पेशी भिंतींना चिकटतात आणि ऊतींचा मृत्यू सुरू होतो. ही साखळी थेट तोडणारे औषध आज उपलब्ध नसल्यामुळे रक्तप्रवाह टिकवणे आणि त्याला अपाय न करणे, हाच उपचाराचा गाभा आहे.

सुरुवात द्रवापासून करावी आणि त्यासाठी रिंगर लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या क्षारयुक्त द्रवाला पसंती द्यावी. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च हा स्टार्चयुक्त द्रव टाळावा, कारण त्याने मूत्रपिंडांना इजा होते. रुग्ण कोरडा पडला असेल तर दर किलो वजनामागे 10 मिली द्रव सुमारे दोन तासांत द्यावा आणि पुढे ताशी दर किलोमागे 1.5 मिली चालू ठेवावा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल चाचणीत याच मध्यम पद्धतीची तुलना जोरकस द्रवोपचाराशी केली गेली. जोरकस गटात 20.5 टक्के, तर मध्यम गटात 6.3 टक्के रुग्णांच्या शरीरात द्रव प्रमाणाबाहेर साठला आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. सुरुवातीलाच अवयव निकामी झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते, म्हणून शॉकमधील (रक्ताभिसरण कोसळलेल्या) रुग्णाचा द्रव केवळ या आकड्यांवर न ठरवता प्रतिसाद पाहून ठरवावा. मात्र जास्त द्रवाने सुजलेल्या ऊतींमध्ये केशवाहिन्या दाबल्या जातात, हे त्याच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

प्रतिसाद खाटेजवळच पाहता येतो. बोटाच्या पेरावर रंग जाईपर्यंत दाब द्यावा, तो दहा सेकंद ठेवून सोडावा आणि रंग परतायला लागणारा वेळ मोजावा. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर त्वचेपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. त्याच्या जोडीला रक्तातील लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यास वाढणारा घटक), हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), युरिया आणि ताशी दर किलोमागे किमान 0.5 मिली लघवी यांवर दर काही तासांनी नजर ठेवावी. यांपैकी एकच आकडा बिघडला म्हणून लगेच नवी बाटली लावू नये. पुरेसा द्रव देऊनही सरासरी रक्तदाब 65 मिमी पाऱ्याच्या खाली राहत असेल, तर द्रव वाढवत न बसता नॉरएड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करावे.

पोटातील दाबाकडे माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रुग्णाला सपाट झोपवून, मूत्राशयात कमाल 25 मिली सलाइन सोडून, उच्छ्वासाच्या शेवटी दाब मोजावा. शून्याची पातळी काखेच्या मध्यरेषेवर धरावी. दाब सतत 12 मिमी पारा किंवा त्याहून अधिक राहिला, तर नळीने जठर रिकामे करावे, वेदना व पोटाचा ताण कमी करावा, द्रव आटोक्यात आणावा आणि पोटात साठलेले पाणी बाहेर काढण्याचा विचार करावा. तो सतत 20 मिमी पाऱ्याच्या वर जाऊन नव्याने अवयव निकामी होऊ लागला, तर शल्यचिकित्सकांना त्वरित बोलवावे.

आतड्यांचा रक्तप्रवाह आणि त्यांचे अस्तर टिकण्यासाठी शक्य तितक्या लवकर तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करावे. मात्र रक्तदाब सावरला नसताना आणि नॉरएड्रेनलिनची मात्रा वाढत असताना थांबावे. संसर्गाचा पुरावा नसेल तर प्रतिबंध म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत.

रक्तस्राव होत नसेल तर पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कमी रेणुभाराचे हेपॅरिन हे रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध प्रतिबंधक मात्रेत द्यावे. त्याने स्वादुपिंडातील प्रवाहही सुधारतो असे काही लहान अभ्यास सुचवतात, पण तेवढ्यावर मात्रा वाढवणे मला योग्य वाटत नाही. पाठीच्या मणक्यातून एपिड्युरल भूल दिल्यास प्राण्यांमध्ये प्रवाह वाढलेला दिसला आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णांवरच्या चाचणीत मात्र व्हेंटिलेटरशिवायचे दिवस वाढले नाहीत. म्हणून ती वेदनाशमनासाठीच वापरावी, आणि तीही रक्त गोठण्याची क्षमता तपासून व हेपॅरिनच्या मात्रेपासून योग्य अंतर ठेवून.