उसातला भेक: कॅरिबियन बेटांवरच्या या चुका टाळा

हुमणीने, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, ऊस पिवळा पडताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या शेतकऱ्यांची घालमेल वेगळी सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी हुमणीच्याच भाऊबंदांनी तिथल्या उसाची मुळं खाऊन टाकली होती. उपाय म्हणून १९२०च्या सुमारास शेजारच्या बेटांवरून एक भलामोठा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, आणला गेला. हा केन टोड, मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. पुढे अळ्या कमी झाल्या आणि श्रेय भेकाला मिळालं. १९३२ साली सान हुआनच्या ऊस परिषदेत त्याचं कौतुक झालं, त्याच वर्षी तो हवाईला गेला आणि १९३५मध्ये ऑस्ट्रेलियात पोचला. भेकाचा बोलबाला झाला त्या काळात प्वेर्तो रिकोत सलग सहा वर्षं धो धो पाऊस पडला होता आणि अळ्या बहुधा त्यानेच मेल्या, हे फार उशिरा लक्षात आलं. तोवर ऑस्ट्रेलियात भेक पसरले होते आणि उसावरचे भुंगेरे जिथल्या तिथे होते.

पहिली चूक ही: कीड कमी झाली, की शेवटी जो उपाय केला त्यालाच हार घालणं.

तिची जुळी बहीण जमैकात सापडते. तिथे १८४४मध्ये हाच भेक उंदीर खाईल म्हणून आणला. तो काही उंदरांना आवरू शकला नाही. मग १८७२मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं आणून उसाच्या मळ्यात सोडली. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरडे फस्त करायला सुरुवात केली. जमैकन इग्वाना हा मोठा सरडा तर संपलाच असं सगळे धरून चालले होते; १९९०मध्ये हेलशायरच्या टेकड्यांत थोडे जिवंत सापडले. एक प्राणी चुकला म्हणून दुसरा आणू नका.

दिसला भेक की मार

माझ्या मते आजची सगळ्यात मोठी चूक हीच. प्वेर्तो रिकोचा स्वतःचा एक भेक आहे. स्थानिक लोक त्याला ‘सापो कोंचो’ म्हणतात. तो आता फार थोडा उरलाय. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली त्याची हजारो पिल्लं ग्वानिकाच्या कोरड्या जंगलातल्या डबक्यांत सोडली जातात. पाहुण्या भेकाला हाकलण्याच्या भरात तोच चिरडला गेला तर? नाकाकडे बघा: सापो कोंचोचं नाक लांबट आणि वर वळलेलं असतं. पाहुण्याचं बोथट असतं आणि कानामागे विषाच्या दोन मोठ्या फुगीर गाठी असतात. डोळ्यांवरच्या कंगोऱ्यांवर विसंबू नका, ते दोघांनाही असतात. अंडीसुद्धा फसवतात, कारण दोघंही पाण्यात जेलीच्या लांब माळा सोडतात. खात्री नसेल तर फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

त्रिनिदादला तर हा ‘पाहुणा’ मूळचाच आहे. तिथे त्याच्यावर मोहीम काढण्यात काही अर्थ नाही.

कुत्र्याच्या तोंडात भेक आला तर

लाळेचा फेस, लालभडक हिरड्या, तोल जाणं, झटके: ही लक्षणं झपाट्याने येतात. घाबरून लोक घशात पाणी ओततात, आणि विष पाण्याबरोबर पोटात जातं. त्याऐवजी कुत्र्याचं डोकं खाली झुकवा, गालफडाच्या बाजूने पाण्याची धार अशी सोडा की पाणी बाहेर सांडेल. ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ पुसा, फडकं खळबळून पुन्हा पुसा. लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. दूध पाजण्यात, उलटी करवण्यात वेळ घालवू नका.

भेकावर मीठ, फिनेल किंवा ब्लीच टाकणं क्रूर तर आहेच, शिवाय ते पाणी डबक्यात गेलं की इतर बेडूकही मरतात. पकडताना हातमोजे घाला; गाठी दाबल्या तर विष डोळ्यात उडू शकतं.

आणि फक्त मोठे भेक वेचत बसलात तर हात दुखतील, भेक सरणार नाहीत. एक मादी एका वेळी आठ ते पंचवीस हजार अंडी घालते. अंगणात रात्री कुत्र्याचं खाणं उघडं ठेवू नका, ते भेकही खातो. पाण्याचं भांडं उचला. बाहेरचा दिवा मालवा, कारण दिव्याखाली किडे जमतात आणि किड्यांमागे भेक. भाजीच्या वाफ्याभोवती किंवा लहान तळ्याभोवती गुडघाभर उंच बारीक जाळी लावली, तर तो सहसा ओलांडत नाही.

महाराष्ट्रात पावसाळ्यात पायरीखाली बसलेला खरबरीत भेक दिसतो ना, तो इथलाच आहे, केन टोड नव्हे. हे वाचून त्याच्यावर काठी उचलू नका. आणि हुमणीसाठी वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडून गोळा करा, गावाने मिळून.