एरर न दाखवता चुकते ती जावास्क्रिप्ट : नवशिक्यांनो, या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं बिल काढणारं एक छोटं पान बनवलंय, असं धरा. दोन चौकटी आणि एक बटण. नारळांचे १२० आणि भाजीचे ८० टाकले, बटण दाबलं, बेरीज आली १२०८०. लाल अक्षरं कुठेच नाहीत. ब्राउझरच्या मते सगळं व्यवस्थित आहे.

जावास्क्रिप्ट शिकताना खरा त्रास इथे होतो. एरर आली तर निदान ओळ क्रमांक तरी कळतो. ही भाषा मात्र बऱ्याचदा गुपचूप चुकीचं उत्तर देते आणि पुढे जाते. १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. हौशी माणसाने लिहिलेलं पानही अडू नये, हा तिचा स्वभाव तेव्हापासूनचा. त्यातल्या बऱ्याच खोडी आजही तशाच आहेत, कारण त्या काढल्या तर जुनी संकेतस्थळं मोडतील.

आकडा दिसतो म्हणून तो नंबर नसतो

इनपुटच्या चौकटीतून वाचलेली व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) असते, चौकटीचा टाइप ‘नंबर’ ठेवला तरीही. अधिकचं चिन्ह दोन स्ट्रिंग एकमेकींना चिकटवतं. वजाच्या चिन्हाला स्ट्रिंगचं काहीच करता येत नाही, म्हणून ते आधी दोन्हींचे आकडे करतं आणि ४० हे बरोबर उत्तर देतं. एकाच पानावर वजाबाकी बरोबर, बेरीज चूक! मग विद्यार्थी तासभर बटणाच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. व्हॅल्यू वाचल्या वाचल्या तिचा आकडा करणाऱ्या नंबर फंक्शनमधून काढा आणि शंका आली की व्हॅल्यूचा प्रकार सांगणारं टाइपऑफ लावून बघा.

यात आपली मराठी भर वेगळीच. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि देवनागरीत १२० टाइप झाले, तर नंबर फंक्शनला ते वाचता येत नाही. हाती येतो नॅन, म्हणजे ‘नॉट अ नंबर’. तो एकदा बेरजेत शिरला की पुढची सगळी बेरीज नॅन. (साध्या टेक्स्ट चौकटीत हे हमखास घडतं.) उलट चौकट रिकामी राहिली तर तेच फंक्शन शून्य देतं. म्हणजे गिऱ्हाइकाने भाव भरलाच नाही आणि नारळ फुकट गेले. रिकामी चौकट वेगळी तपासा. तुलना करताना तीन बरोबरची चिन्हं वापरा, कारण दोन चिन्हांच्या हिशेबाने शून्य आणि रिकामी स्ट्रिंग समान ठरतात.

सॉर्ट आणि तारीख

मासळीचे भाव ९०, ४०० आणि १००० असे एका ॲरेत (यादीत) घालून सॉर्ट करा, म्हणजे क्रमाने लावा. उत्तर येतं १०००, ४००, ९०. उलट्या क्रमाने लावलं असेल, असं वाटून बरेचजण रिव्हर्स लावून मोकळे होतात. आता त्यात २५० घाला : १०००, २५०, ४००, ९०. ही उतरती भांजणी नव्हे, हा शब्दकोशाचा क्रम आहे, कारण सॉर्ट आपणहून आकड्यांनाही स्ट्रिंग समजतं. दोन आकड्यांची वजाबाकी परत करणारं फंक्शन त्याला द्यावं लागतं. आणि चाचणीसाठी तीनच आकडे घेऊन समाधान मानू नका.

तारखेतली खोड तर गोव्याच्या मुक्तिदिनावरच (१९ डिसेंबर १९६१) करून बघा. १९६१, १२, १९ असे तीन आकडे देऊन डेट तयार केली, तर मिळते १९ जानेवारी १९६२. महिने शून्यापासून मोजले जातात, डिसेंबर म्हणजे ११. १२ क्रमांकाचा महिना अस्तित्वात नाही, तरीही एरर नाही. भाषा सरळ पुढच्या वर्षात उडी मारते. दिवस मात्र एकपासूनच मोजतात, हे आणखी एक.

नावाची लांबी

‘म्हापसा’ची लेंग्थ विचारा : सात. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण हलन्त आणि काने वेगळे मोजले जातात. म्हणून नाव उलटं करण्याचा नेहमीचा सराव मराठी नावांवर केला की काने-मात्रा भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्यांना हे कोणी सांगत नाही.

ठोकळ्यांकडून टायपिंगकडे

शाळेत ठोकळे जोडून कोडिंग शिकलेल्या मुलांना स्पेलिंग चुकवायची संधीच नसते. इथे कॅपिटल अक्षर चुकलं की नाव वेगळं. त्यातून ‘अनडिफाइंड’ येतं, तर कधी ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’. दुसऱ्याचं कारण बहुधा एकच : स्क्रिप्ट हेडमध्ये आहे आणि बटण अजून पानावर आलेलंच नाही, किंवा आयडी चुकलाय. स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावा, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती चालेल. एफ-१२ दाबून कन्सोल उघडा आणि लाल ओळ पूर्ण वाचा. ती थेट गूगलवर चिकटवण्याआधी ओळ क्रमांकावर जाऊन बघा.

सराव कसा करावा

व्हिडिओ थांबवत थांबवत कोड उतरवून काढणं हा माझ्या मते सराव नव्हेच. व्हिडिओ बंद करा आणि तेच पान कोऱ्या फाइलमध्ये लिहा. चालवण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर मांडा. गुपचूप होणाऱ्या चुका पकडायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही, कारण अपेक्षा लिहिलेलीच नसेल तर १२०८० सुद्धा खपून जातं. एआयकडून कोड घेतलात तरी हेच करा. रिॲक्टसारख्या तयार लायब्ररी वगैरे नंतर.

नेट नाही ही सबब मात्र चालायची नाही. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवतो. फाइल डबल-क्लिक करून उघडली की झालं. फक्त मॉड्यूल (दुसऱ्या फाइलमधला कोड) किंवा फेच (बाहेरून माहिती मागवणं) वापरायला लागाल तेव्हा अशी उघडलेली फाइल अडते आणि कन्सोलमध्ये ‘कॉर्स’ या ब्राउझरच्या सुरक्षा-नियमाची तक्रार दिसते. कोड तपासत बसू नका. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन टाका आणि पान त्यातून उघडा. मात्र हे एक्स्टेन्शन नेट असताना आधीच उतरवून ठेवा.