‘समजलं ना?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा

डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन कसं घ्यायचं ते आपण सांगतो, “समजलं ना मावशी?” विचारतो, मावशी मान डोलावतात. ती मान बहुतेक वेळा सिस्टरांचा मान राखायला हललेली असते.

१. “मला नीट सांगता आलं का ते बघायचंय, तुम्ही एकदा करून दाखवा,” असं म्हणा. परीक्षा त्यांची नाही, सिस्टरांची आहे म्हटलं की त्यांचा संकोच जातो.

२. बाटली आणि सिरिंज त्यांच्या हातात द्या. घरी सून टोचणार असेल तर सुनेच्या.

३. मध्ये बोलू नका. हे सगळ्यात अवघड! अडकतील तेवढंच पुन्हा दाखवा. बरेच जण गढूळ इन्सुलिनची बाटली खसाखसा हलवतात; ती दोन तळव्यांत हळूच घोळवायची असते. मग पुन्हा सुरुवातीपासून करून घ्या.

४. शेवटी विचारा, “हात थरथरले, दरदरून घाम आला तर काय कराल?” ही रक्तातली साखर फार कमी झाल्याची लक्षणं; “साखर खाईन” हे उत्तर त्यांच्या तोंडून यायला हवं.

वॉर्डात घाई असली तरी याला वेळ काढाच.

मात्र सिरिंज स्वतः तपासा. ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर २० ऐवजी ५० युनिट जातात. “मेडिकलवाल्याने बाटली किंवा सिरिंज बदलून दिली तर वापरण्याआधी आम्हाला विचारा,” हे नातेवाइकांनाही बजावा.