ऑटोकॅडमध्ये मध्यरेषा अखंड दिसत असल्यास

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या) प्रात्यक्षिकात ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये फ्लँजची (नळ्या जोडण्यासाठीच्या कडेची) आकृती काढताना ‘सेंटर’ हा लांब-आखूड तुकड्यांचा रेषाप्रकार निवडूनही मध्यरेषा पडद्यावर अखंडच दिसत होती. प्रयोगशाळेतील संगणकांवर नवी फाइल इंची टेम्प्लेटमध्ये (इंचांसाठी आधीच मांडलेल्या नमुना-फाइलमध्ये) उघडत असे, आणि त्यातील या रेषेचा नमुना दर २ एककांनी पुन्हा येत असल्याने मिलिमीटरमध्ये काढलेल्या मोठ्या आकृतीत तिचे तुकडे डोळ्यांना जाणवत नव्हते. ‘एलटीस्केल’ या रेषानमुन्याचे प्रमाण ठरवणाऱ्या सेटिंगचे मूल्य १ वरून २५.४ केले आणि ‘रीजेन’ ही आकृती पुन्हा रेखाटण्याची आज्ञा दिली, तेव्हा लांब-आखूड तुकडे स्पष्ट उमटले. हा उपाय चालतो, पण मला तो तात्पुरताच वाटतो. ‘मेझरमेंट’ हे इंची की मेट्रिक नमुने वापरायचे ते ठरवणारे सेटिंग १ (मेट्रिक) करून रेषाप्रकार पुन्हा लोड करणे व ‘एलटीस्केल’ परत १ वर आणणे, किंवा मुळात ‘अकॅडआयएसओ’ या मेट्रिक टेम्प्लेटनेच सुरुवात करणे अधिक बरे, कारण मग हॅचचे (आकृतीचा भाग रेषांनी भरण्याचे) नमुनेही मेट्रिक प्रमाणात मिळतात.