100 मीटरचं टायमिंग अडकलंय? मग आधी पळणं कमी करा

सोलापुरात पहाटे साडेपाचला कंबर तलावाकडं किंवा कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी ढिगानं दिसतील. त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच, वर्ष झालं रोज पळायलोय पण 100 चं टायमिंग हलत नाही. मी पण आठ महिने 12.6 ला अडकून होतो. पोलिस भरतीत मुलांना 100 मीटरला साडेबारा सेकंदांच्या आत आलं तर 12 गुण, त्याच्या पुढं गेलं की 10, म्हणजे माझे दोन गुण त्या एका दशांशावर लटकलेले, आणि मेरिट अर्ध्या गुणानं हुकलेली पोरं मी बघितलीयत. म्हणून जे करून फरक पडला ते सगळं सविस्तर लिहितोय.

तेव्हा मी रोज दहा वेळा 100 मारायचो, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. घाम भरपूर यायचा, वाटायचं लई मेहनत झाली. पण फुल स्पीडला लागणारी स्नायूंमधली तयार एनर्जी जेमतेम 6 ते 8 सेकंद पुरते, आणि ती परत भरायला काही मिनिटं लागतात. दोन मिनिटात परत पळालं की तिसऱ्या-चौथ्या रनपासून तुम्ही 85-90 टक्क्यांनीच पळत असता, आणि शरीर तेच शिकतं, दमलेल्या अवस्थेत 13.5 नं पळायला. रोज तेच केलं तर वेग वाढणार कुठून?

तर पहिलं काम, नेमकं कुठं अडकलंय ते शोधा. पूर्ण 100 चा एकच आकडा काही सांगत नाही. एका दिवशी फक्त दोन गोष्टी मोजा, उभ्या स्टार्टवरून पहिले 30 मीटर, आणि नंतर फ्लाइंग 30, म्हणजे 30 मीटर रनअप घेऊन पुढचे 30 फुल स्पीडनं. मित्राच्या हातातल्या स्टॉपवॉचवर विश्वास ठेवू नका, अंगठा दोन दशांश सहज मागंपुढं होतो (हाताचं 100 चं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी जुळवायचं तर 0.24 सेकंद मिळवतात, यावरून कळेल). मोबाईल लांब आडव्या बाजूला, दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये ठेवून सेकंदाला 60 फ्रेमवर व्हिडिओ काढा, नंतर फ्रेम मोजा, प्रत्येक फ्रेम साधारण 0.017 सेकंद.

माझे तेव्हाचे आकडे होते पहिले 30 ला 4.6, फ्लाइंग 30 ला 3.4, दोन्ही मिळून 60 मीटर 8 सेकंदात, आणि शेवटचे 40 ला 4.6. मला वाटायचं माझा स्टॅमिना कमी आहे, शेवटी पडतो. पण 3.4 चा वेग शेवटपर्यंत जसाच्या तसा टिकवला असता तरी त्या 40 मीटरला 4.53 लागलेच असते, म्हणजे शेवटी फक्त 0.07 जात होते. खरी अडचण टॉप स्पीडची होती. फ्लाइंग 30 चं टायमिंग 3.3 वर आलं की शेवटच्या 40 ला पण आपोआप 0.1 पेक्षा जास्त वाचतात. तुमचे आकडे वेगळे येतील, पण बघितल्याशिवाय प्लॅन बनवू नका.

आता आठवडा कसा लावायचा. फुल स्पीडचे दिवस फक्त दोन, फार तर तीन, आणि दोन दिवसांत कमीत कमी 48 तासांचं अंतर. सोमवारी स्टार्ट आणि ॲक्सिलरेशन (वेग पकडणं), चार वेळा 10 मीटर, चार वेळा 20, तीन वेळा 30, बस. बेरीज केली तर 210 मीटर होतात, पोरं हसतात एवढंच का म्हणून. पण रेस्ट दर 10 मीटरला 1 मिनिट, म्हणजे 30 मीटर पळालं की 3 मिनिटं चालायचं. गुरुवारी टॉप स्पीड, 30 मीटर हळूहळू वेग वाढवत जायचं आणि पुढचे 20 फुल, असं चार-पाच वेळा, मध्ये 5-6 मिनिटं. ज्या रनला वेळ घसरली तिथंच त्या दिवशीचं काम थांबवायचं, एक पण जास्त नाही. शनिवारी 120 किंवा 150 चे दोन-तीन रन, मध्ये 10 मिनिटं.

भरतीच्या 1600 मीटरची तयारी पण चालू असते हे माहितीय, ती बंद करू नका. फक्त 1600 चे जोराचे इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात पळणं) शनिवारीच, स्प्रिंट संपल्यावर लावा, मंगळवार-शुक्रवारी हळू जॉगिंग ठेवा. स्प्रिंटच्या आदल्या दिवशी पाय मारून ठेवले की दुसऱ्या दिवशीचा स्प्रिंट वाया.

टेक्निकमध्ये आमच्याकडं सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांब ढांगा टाकणं. 100 मीटरचा विश्वविक्रमवीर उसेन बोल्टनं 2009 ला बर्लिनला 9.58 मारताना 41 पावलं टाकली हे ऐकून पोरं पाय पुढं फेकायला बघतात. बोल्टची उंची साडेसहा फुटाजवळ, आणि त्याची लांब ढांग जमिनीला मागं ढकलण्यातून यायची. पाय शरीराच्या फार पुढं पडला की तो ब्रेक लावतो. व्हिडिओ थांबवून बघा, पाऊल कमरेच्या जवळजवळ खाली पडतंय का, का फूटभर पुढं. आणि त्याच रेसमध्ये बोल्टचे 60 ते 80 हे 20 मीटर सगळ्यात वेगवान होते, 1.61 सेकंद, पुढचे 20 त्याला 1.66 लागले. म्हणजे शेवटी त्याचा पण वेग उतरतो. त्यामुळं शेवटच्या 20 ला दात-ओठ खाऊन जोर लावू नका, जबडा आणि खांदे सैल सोडा, हात चालू ठेवा.

ताकदीसाठी सोमवार-गुरुवारी स्प्रिंटनंतर स्क्वॅट, लंजेस आणि उभी लांब उडी, उडी पाच-सहाच पण पूर्ण जोरानं. जिम नसेल तर कमरेला दोरी बांधून जुना टायर ओढा, मात्र इतका जड नको की पळण्याची पद्धतच बिघडेल. आणि एक व्यायाम हात जोडून सांगतो, सोडू नका, गुडघ्यावर बसायचं, मित्रानं घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं. सुरुवातीला तीनचे दोनच सेट, दुसऱ्या दिवशी मांडी मागून चांगलीच दुखते. पण भरतीच्या तोंडावर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरलेली दोन पोरं माझ्याच ग्रुपमधली आहेत, एकाला ग्राऊंडच (मैदानी चाचणी) देता आलं नाही, त्याचं वाईट अजून वाटतं.

आपल्याकडचं ऊन तर माहितीच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, त्यामुळं सकाळशिवाय पर्याय नाही. पण पहाटे अंग आखडलेलं असतं, म्हणून वॉर्मअप 25 मिनिटांचा पाहिजेच, जॉगिंग, ड्रिल, मग 60 मीटरचे तीन वाढत्या वेगाचे रन. रेस्ट सावलीत घ्या, घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. खायला वेगळं काही नको, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी चालतेच, फक्त त्यावर भागवू नका, डाळ, मटकी, अंडी, दही यातलं काहीतरी दोन्ही जेवणात पाहिजे. झोप आठ तास, रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पाचला ग्राऊंड हे जमत नाही.

तीन आठवडे असं केल्यावर चौथ्या आठवड्यात सगळं जवळपास निम्मं करा. वेग तोच, रन कमी. बहुतेक जण हा आठवडा घाबरून गाळतात, मी पण पहिल्यांदा गाळला होता आणि टायमिंग तिथंच राहिलं. दुसऱ्या वेळी पाळला. त्या आठवड्याच्या शेवटी, दोन दिवस पूर्ण आराम करून, त्याच जागी, तेच बूट घालून, त्याच मोबाईलनं परत 30 आणि फ्लाइंग 30 मोजा. हा आठवडा पाळायला लागल्यावर माझं फ्लाइंग 3.4 वरून पहिल्या महिन्यात 3.35 झालं, तिसऱ्या महिन्यात 3.3, आणि 100 हातावर नाही, व्हिडिओवर 12.4.